धुरंधरांच्या चित्रातल्या बायका

आमच्या घरात माजघराच्या भिंतीवर लक्ष्मीची एक जुनी छापील तसबीर होती. रत्नागिरीचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. ओल धरून धरून तिचा कागद कडेनं तपकिरी झाला होता. एका दिवाळीला घराला रंग काढला, तेव्हा मीच ती भंगारवाल्याला देऊन टाकली. काच तडकलेली म्हणून त्याने पैसेही दिले नाहीत. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दोन दिवस त्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होत्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी सहलीला औंधच्या संग्रहालयात गेले. तिथे महादेव विश्वनाथ धुरंधर हे नाव वाचलं आणि त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत सुटले.

धुरंधरांचा जन्म १८६७ सालचा, कोल्हापूरचा. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईला आले आणि १८९० मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पाच वर्षांत बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवलं. मग तिथेच शिक्षक झाले, १९२७ मध्ये रावबहादूर झाले आणि काही काळ त्या संस्थेचे प्रमुखही. इंग्रज साहेबांच्या संस्थेत त्या खुर्चीवर आपला माणूस बसणं ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९३१ ला निवृत्त झाल्यावर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’.

पण मला ओढ लागली ती त्यांच्या रेखाटनांची. रस्त्यात, बाजारात, लग्नघरात, जिथे जातील तिथे ते माणसं टिपत. त्यातही बायका! काष्टा कसा घेतला आहे, पदर खांद्यावरून कसा आला आहे, ओझं डोक्यावर असलं की कंबर कुठे वळते, हे सगळं त्या रेघांमध्ये आहे. आपल्या पणजीचा एखादा फोटो तरी घरात सापडतो का बघा. त्या काळी फोटो निघायचे ते बहुतेक श्रीमंतांचे. साध्या बाईचं चालणं-बसणं कागदावर उतरलं ते अशाच कुणाच्या हातून.

आणि ते घरोघरी पोचलं छापखान्यामुळे. तेव्हाची रंगीत चित्रं दगडावरून छापत. गुळगुळीत दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं, दगड ओला करायचा आणि वर शाई फिरवायची. तेल-पाण्याचं जमत नाही हे आपल्याला स्वयंपाकघरात कळतंच. तसंच शाई फक्त तेलकट रेघेलाच धरते. प्रत्येक रंगाला दगड वेगळा, आणि कागद प्रत्येक वेळी अचूक त्याच जागी बसला पाहिजे. लोणावळ्याजवळ मळवलीला राजा रविवर्मांचा छापखाना होता, तिथून देवादिकांच्या तसबिरी गावोगाव गेल्या. धुरंधरांची चित्रंही अशीच छापून निघाली. पोस्टकार्डं झाली, पुस्तकांत आली. १९१४ मध्ये किंकेड साहेबांनी आपल्या श्रावणातल्या कहाण्या इंग्रजीत आणल्या, सोमा धोबिणीसकट, त्यातली चित्रं धुरंधरांचीच.

१९२० मध्ये ऑटो रॉथफेल्ड यांचं भारतातल्या स्त्रियांवर पुस्तक आलं. त्यात धुरंधरांची ४८ रंगीत चित्रं आहेत. चित्रं सुंदरच, पण एक खटकतं. पुस्तकातली बाई अमुक जातीची, तमुक प्रांताची म्हणून उभी आहे. साहेबांना नमुने हवे होते. तिचं नाव काय, घरी किती पोरं, याची चौकशी कोण करणार?

घरातल्या बायका मात्र त्यांनी नावानिशी रंगवल्या. पहिली पत्नी बापूबाई लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली. नंतर गंगूबाई आल्या. त्यांची लेक अंबिका, जन्म १९१२. तिला त्यांनी नुसतं समोर बसवून चित्र काढलं नाही, तिच्या हातात कुंचला दिला. १९३१ मध्ये, वडील निवृत्त झाले त्याच साली, अंबिकाबाई जे. जे. ची पदविका घेऊन बाहेर पडल्या. मुलगी चौथी-पाचवी शिकली तरी पुष्कळ, असं मानणाऱ्या घरांचा तो काळ. धुरंधर १९४४ मध्ये गेले. अंबिकाबाईंनी त्यांची चित्रं पुढे कित्येक वर्षं सांभाळली, स्वतःही रंगवत राहिल्या. २००९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

आमच्या बचत गटातल्या एकीची मुलगी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झाली. दहावीचे जादा गुण पदरात पडले, आता चित्रकला बास, असं घरात ठरलं आहे. मागच्या आठवड्यात मी तिच्या आईला अंबिकाबाईंची गोष्ट सांगितली. तिने भाकरी थापता थापता ऐकून घेतली. मुलीच्या बाबांशी बोलते म्हणाली. पोरीने मात्र तेवढ्या वेळात वहीच्या मागच्या पानावर आईचे पीठभरले हात काढले होते.