दादासाहेबांची राहिलेली मागणी

जातीचा प्रश्न मोठा की पोटाचा, हा वाद आंबेडकरी चळवळीत कित्येक वर्षे चालू आहे. हा वाद व्यासपीठावर न घालता रानात उतरून ज्यांनी सोडवायचा प्रयत्न केला, ते कर्मवीर दादासाहेब गायकवाड. जयंती आली की आपण त्यांच्या फोटोला हार घालतो. त्यांनी सरकारकडे मागितले काय होते, हे मात्र नव्या पिढीला कोणी सांगत नाही.

भाऊराव कृष्णराव गायकवाड यांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ रोजी नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या आंबे या गावी झाला. घर महाराचे. महाराच्या घरात जन्मणे म्हणजे गावाची राबणूक अंगावर घेणे आणि बदल्यात बलुते व वतनाचा तुकडा मिळवणे. हे वतन म्हणजे गुलामीची बेडी, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले. जमीन असूनही माणूस गुलाम कसा राहतो, हे दादासाहेबांनी घरातच पाहिले होते.

२ मार्च १९३० रोजी नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. सत्याग्रह समितीचे चिटणीस दादासाहेब होते. बाबासाहेब मुंबईत, लंडनला गोलमेज परिषदेत. नाशिकची आघाडी सांभाळली दादासाहेबांनी. लाठ्या, दगडफेक, तुरुंग, गावोगावचे बहिष्कार हे सारे पचवून लढा वर्षानुवर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि देवळाचा दरवाजा चळवळीने कायमचा मागे टाकला. १९३७ साली दादासाहेब मुंबई विधानसभेवर निवडून गेले. बाबासाहेबांनी त्यांना लिहिलेली पत्रे आज चळवळीच्या इतिहासाचे मोठे साधन मानली जातात.

देवळाचा प्रश्न सुटला, पोटाचा सुटला नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी दोन दुःखे बोलून दाखवली. शिकलेल्यांनी समाजाकडे पाठ फिरवली हे एक आणि खेड्यातल्या भूमिहीनांसाठी काही करता आले नाही हे दुसरे. ही दोन दुःखे वेगळी नाहीत. पहिल्यामुळेच दुसरे टिकून आहे. दादासाहेबांनी दुसरे दुःख आपल्या शिरावर घेतले. मराठवाड्यात १९५३ सालीच पडीक जमिनीसाठी सत्याग्रह झाला होता. आपल्या भागातल्या भूमिहीनाला ही वाट तेव्हापासून माहीत होती.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. त्याच वर्षी दादासाहेब लोकसभेत गेले. पण दोन वर्षे होतात न होतात तोच पक्ष फुटला. एका बाजूला धोतर नेसणारे, खेड्यातले, कमी शिकलेले. दुसऱ्या बाजूला सुटाबुटातले वकील आणि पदवीधर. जमिनीचा लढा म्हणजे कम्युनिस्टांची वाट, असा आक्षेप शिकलेल्यांनी घेतला. त्यांचा भर घटनात्मक मार्गावर होता. तो चुकीचा नव्हता; पण ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, त्याने निकालापर्यंत खायचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. जात एक असली म्हणून वर्ग एक नसतो, हे आपल्याच पक्षाने दाखवून दिले. आम्ही वकिली करणाऱ्यांनी तर हा इतिहास पुनःपुन्हा वाचावा.

दादासाहेब थांबले नाहीत. १९५९ साली मराठवाडा, खानदेश, नाशिक भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पुढे ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह पेटला. चळवळीच्या नोंदीप्रमाणे तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यात लेकरे कडेवर घेतलेल्या आयाबहिणीही होत्या. १९६७ नंतर काँग्रेसशी केलेल्या समझोत्याबद्दल दादासाहेबांवर टीका झाली. ती टीका अस्थानी नव्हती. पण त्या टीकेआड भूमिहीनांचा लढा झाकता येणार नाही. २९ डिसेंबर १९७१ रोजी ते गेले.

आता १९६४ च्या मागण्यांचा हिशेब मांडू. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, ही मागणी होती. ते १९९० साली लागले. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती द्या, ही मागणी होती. केंद्राने त्या १९९० साली दिल्या. उशिरा का होईना, पण मिळाले. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, ही मागणी मात्र राहिली. असे का? तैलचित्राने कोणाचा बांध सरकत नाही. जमिनीने सरकतो. सालगडी जमीनदार झाला तर पाटलाच्या शेतात राबणार कोण?

अमेरिकेतही हेच घडले. १८६५ साली यादवी युद्धाच्या शेवटी दक्षिणेच्या किनारपट्टीवर मुक्त झालेल्या काळ्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यायचा लष्करी हुकूम निघाला. त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सन यांनी ती जमीन जुन्या मालकांना परत दिली. १८७० साली मताचा हक्क मिळाला. पण माणूस बटाईने जुन्याच मालकाच्या रानात आणि त्याच्याच कर्जात राहिला. मग मतही हिरावले गेले. रंग, वर्ग आणि पैसा यांची तिथली गाठ आणि आपली जात-जमिनीची गाठ एकाच हाताने मारलेली आहे.

परतूर तालुक्यात ही गाठ रोज दिसते. गायरान कसणाऱ्याचे कुटुंब दोन-तीन पिढ्या तीच जमीन पिकवते. सातबाऱ्यावर नाव सरकारचे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करायची ठरवली. पण पुरावा मागितला की गाव नमुना १-ई मध्ये नोंद नसते, दंडाची पावती वाळवी खाऊन गेलेली असते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे हटवायला सांगितली. मात्र शासनाच्या अधिसूचनेने भूमिहीनांना वा अनुसूचित जाती-जमातींना पट्टा मिळाला असेल, तर तो अपवाद ठरू शकतो, हेही त्याच निकालात आहे. २०२२ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावोगाव नोटिसा आल्या, तेव्हा हा अपवाद किती जणांना ठाऊक होता?

सरकारने २००४ साली दादासाहेबांच्या नावे सबलीकरण व स्वाभिमान योजना काढली. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत. २०१८ पासून पूर्ण अनुदान. पण जमीन विकत घेऊन द्यायची आणि सरकारी दराने विकायला कोणी पुढे येत नाही. नाव दादासाहेबांचे, चावी जमीनवाल्याची! भूमिहीन मात्र उचल घेऊन कोयता उचलतो आणि कारखान्याच्या फडावर जातो.

म्हणून येत्या जयंतीला मिरवणुकीबरोबर एक काम करू. प्रत्येक बुद्धविहारात गावातल्या गायरानधारकांची यादी करू. १-ईचा उतारा, दंडाच्या पावत्या, पेऱ्याच्या नोंदी, जुने पंचनामे, जे सापडेल ते एका फाईलमध्ये लावू. शिकलेल्या पोरांनी अर्ज लिहावेत, वकिलांनी फी न घेता उभे राहावे. धोतर आणि सूट यांच्यात १९५९ साली पडलेली भेग अशीच बुजेल.