काचेच्या छपराखालचा माळी : सर जोसेफ पॅक्स्टन

ज्या देशात हिवाळ्याचे कित्येक दिवस सूर्यदर्शनही दुर्लभ, तेथे केळीचे घड पिकवावेत ही कल्पनाच आपल्याला विलक्षण वाटेल. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात ती सिद्धीस नेणारा जोसेफ पॅक्स्टन हा पेशाने माळी होता. बेडफर्डशर परगण्यातील मिल्टन ब्रायन या खेड्यात, एका गरीब शेतकरी कुटुंबात, ३ ऑगस्ट १८०३ रोजी त्याचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. पण निरीक्षणशक्ती तीव्र आणि श्रमांची आवड उपजत.

लंडनजवळ चिझिक येथील उद्यानविद्या संस्थेच्या बागेत तो काम करीत असता, शेजारीच ज्याचा वाडा होता त्या ड्यूक ऑफ डेव्हनशरने त्याचे गुण हेरले आणि डर्बीशरमधील आपल्या चॅट्सवर्थ येथील बागांचा मुख्य माळी म्हणून त्याची नेमणूक केली. ९ मे १८२६ रोजी पहाटे साडेचारला पॅक्स्टन तेथे पोहोचला. फाटक बंद होते, ते तो चढून गेला. सारी बाग पायी पालथी घातली आणि सहाच्या ठोक्याला मजुरांना कामाला लावले. त्याच सकाळी न्याहारीच्या वेळी वाड्यातील कारभारणीची भाची सारा बाउन त्याच्या दृष्टीस पडली. पुढल्या वर्षी दोघांचा विवाह झाला. पॅक्स्टनच्या अनुपस्थितीत बागांचा कारभार व हिशेब सारानेच समर्थपणे सांभाळले.

त्या काळी परदेशी वनस्पती म्हणजे धनिकांचे वेड होते. ड्यूकही त्याला अपवाद नव्हता. १८३५ साली जॉन गिब्सन या तरुण माळ्याला हिंदुस्थानात धाडण्यात आले. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचा आश्रय घेऊन त्याने खासी टेकड्या धुंडाळल्या आणि १८३७ मध्ये ऑर्किडांचा मोठा संग्रह घेऊन तो परतला. मात्र अमेरिकेला पाठवलेले दोघे माळी कोलंबिया नदीत बुडून मरण पावले. काचेआडच्या त्या शोभेची किंमत अशीही मोजली गेली.

पाहुण्या रोपांना ऊब हवी आणि उजेडही हवा. पॅक्स्टनने काचेचे छप्पर घडीघडीचे केले, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊनही तावदानांतून सरळ आत उतरे. डेसिमस बर्टन या वास्तुशिल्पज्ञाच्या साहाय्याने १८३६ ते १८४० या काळात त्याने उभारलेले महाकाचगृह २७७ फूट लांब व १२३ फूट रुंद होते. जमिनीखालच्या आठ बॉयलरांतील उष्ण पाणी सुमारे सात मैल नळांतून खेळवले जाई. चॅट्सवर्थच्या काचेखालीच त्याने वाढवलेल्या बुटक्या केळीला ड्यूकच्या घराण्यावरून कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. आपल्या खानदेशातील बसराई केळही याच गटातील.

१८४९ साली क्यू येथील उद्यानातून दक्षिण अमेरिकेतील महाकमळाचे रोप चॅट्सवर्थला आले. खुद्द क्यू येथे फुलत नव्हते ते कमळ पॅक्स्टनने ऊन पाण्याच्या हौदात, पाणी सतत हलते ठेवून, त्याच नोव्हेंबरात फुलवले. त्याची कन्या ॲनी त्या पानावर उभी राहिली, तरी पान बुडाले नाही. पानाखालच्या शिरांची ती मजबूत जाळी पॅक्स्टनने मनात साठवली.

१८५० मध्ये लंडनच्या हाइड पार्कात भरावयाच्या जागतिक प्रदर्शनासाठी आलेला एकही आराखडा समितीच्या पसंतीस उतरेना. तेव्हा रेल्वे मंडळाच्या एका बैठकीत बसल्या बसल्या पॅक्स्टनने टीपकागदावर एक रेखाटन केले. काचेवरील कर १८४५ मध्येच उठला होता; लोखंडाचे भाग कारखान्यांत घडवून जागेवर जोडावयाचे होते. अवघ्या काही महिन्यांत सुमारे तीन लक्ष तावदानांचा स्फटिकप्रासाद उभा राहिला आणि बागेतील उंच एल्म वृक्ष न तोडता छपराखाली सामावले गेले. १ मे १८५१ रोजी प्रदर्शन उघडले. साठ लक्ष भेटी झाल्या. शेतकऱ्याचा मुलगा सर जोसेफ झाला, १८५४ मध्ये पार्लमेंटात गेला, आणि ८ जून १८६५ रोजी निवर्तला.

त्याची कीर्ती दूरवर पसरली; १८८९ साली पायाभरणी झालेले बंगळूरच्या लालबागेतील काचगृह त्या स्फटिकप्रासादाच्याच प्रेरणेने उभे राहिले. खुद्द स्फटिकप्रासाद पुढे सिडनमला हलवला गेला व १९३६ मध्ये आगीत नष्ट झाला. चॅट्सवर्थच्या महाकाचगृहाचा अंत अधिक हृदयद्रावक. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, राबणारे हात उरले नाहीत. बॉयलर थंडावले आणि आतील झाडे मेली. १९२० साली ते सुरुंगांनी उडवण्यात आले. काच तशीच होती, लोखंड तसेच होते. नाहीशी झाली होती ती केवळ ऊब.

परमुलखात रुजलेल्या रोपाला छप्पर एकदाच बांधून देता येते. ऊब मात्र नित्य पुरवावी लागते. पॅक्स्टनच्या चरित्राचे हे सार, मायभूमीपासून दूर आपली भाषा आणि आपले सण जपणाऱ्या आपणांस वेगळे समजावून सांगावयास नको.