थरावर थर, रंगावर रंग : छापखान्यातले दादासाहेब फाळके

अंबरनाथजवळच्या पालेगावात बसून कुणी वाढदिवसाचा बॅनर तयार करतो, तेव्हा त्याच्या फाइलमध्ये पार्श्वभूमी एका लेयरवर, फोटो दुसऱ्यावर आणि अक्षरं तिसऱ्यावर असतात. केशरी रंग हळूहळू पिवळ्यात मिसळायचा असेल, म्हणजे ग्रेडियंट द्यायचा असेल, तर कोडच्या दोन-चार ओळी पुरतात. प्रत्येक पिक्सेल कडेपासून किती दूर आहे हे संगणक मोजतो आणि त्या प्रमाणात दोन रंग एकत्र करतो. खालचा थर किती दिसू द्यायचा, तेही एका आकड्याने ठरतं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच काम दगड, काच आणि शाईने व्हायचं. त्यात हात बसलेल्या एका मराठी माणसाला आपण वेगळ्याच कारणासाठी ओळखतो. ते म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके, अर्थात दादासाहेब फाळके.

चित्रकार, फोटोग्राफर, मुद्रक

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला, संस्कृत पंडिताच्या घरात झाला. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला आणि छायाचित्रण शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटो स्टुडिओ काढला, पण प्लेगने पत्नी आणि मूल हिरावून नेलं आणि त्यांनी ते गाव सोडलं. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात नोकरी लागली. स्वदेशीच्या वाऱ्यात त्यांनी तीही सोडली आणि छपाईचा धंदा धरला.

अंबरनाथ-बदलापूरवरून जाणारा लोहमार्ग कर्जतनंतर घाट चढून लोणावळ्याला पोहोचतो. त्याच परिसरात मळवलीला राजा रविवर्मा यांनी सुरू केलेला छापखाना होता. या छापखान्यासाठी फाळके यांनी फोटो-लिथोचं काम केलं.

दगडावरचे लेयर

रंगीत शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. एकाच कागदावर एकेक रंग चढवत चित्र पुरं होई. एखादा दगड केसभर जरी सरकला, तरी देवीच्या ओठांचा रंग गालावर जाई. गालावरची छटा हवी असेल तर कारागीर दगडावर बारीक ठिपके काढत. दाट ठिपके म्हणजे गडद, विरळ ठिपके म्हणजे फिकट.

फोटोवरून छापताना हे काम जाळीची काच करी. तिच्यातून आलेला प्रकाश लहानमोठ्या ठिपक्यांत फुटे. शाई सगळीकडे सारखीच गडद असली, तरी ठिपक्यांच्या आकारामुळे डोळ्यांना छटा दिसे. तीन रंगांच्या छपाईत हेच तीनदा करायचं आणि ठसे अचूक जुळवायचे. ही विद्या आणि यंत्रं मिळवायला फाळके १९०९ मध्ये जर्मनीला गेले. दादरच्या त्यांच्या लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्सचं नाव झालं. मग भागीदारांशी बिनसलं आणि चाळिशीत, पदरी संसार असताना, ते धंद्यातून बाहेर पडले.

डोळ्यांची किंमत

१९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर राम-कृष्ण आणायचे, हे मनात पक्कं बसलं. महिनोन्‌महिने ते रोज चित्रपट बघत आणि रात्री जागून प्रयोग करत. या ताणाने त्यांची दृष्टीच गेली. ज्याचं सगळं आयुष्य छटा ओळखण्यावर चाललं होतं, त्याच्यापुढे अंधार झाला. उपचारांनी दृष्टी परत आली, तेव्हा त्यांनी विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठलं. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरमध्ये लागला. फिल्मला भोकं पाडण्यापासून पडेल ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं.

छापखान्यातली थरांची समज कॅमेऱ्यातही उपयोगी पडली. पौराणिक चमत्कार दाखवायला एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करावं लागे. काळ्या पडद्यासमोर माणूस उभा केला की फिल्मवर फक्त माणूस उमटतो आणि काळी जागा कोरीच राहते. मग फिल्म मागे गुंडाळून त्या कोऱ्या जागेत दुसरं चित्र घ्यायचं. आजच्या फाइलमधला पारदर्शक लेयर नेमकं हेच करतो. भिंगाचं छिद्र हळूहळू मिटत नेलं की चित्र अंधारात विरतं, तोही एक ग्रेडियंटच.

फरक एवढाच, की तेव्हा पूर्वस्थितीत जाण्याचं बटण नव्हतं. दुसऱ्या वेळी हात चुकला तर पहिलं चित्रणही वाया जाई. तरीही १९१८ च्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाचं मुंडकं धडावेगळं होताना प्रेक्षकांनी पाहिलं. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये फाळक्यांची लेक मंदाकिनी कृष्ण झाली आणि कालियाशी झुंजली.

बोलपटांच्या काळात मात्र फाळके मागे पडले. १९३७ च्या ‘गंगावतरण’नंतर त्यांनी चित्रपट केला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. त्यांच्या अनेक फिल्म आज पूर्ण स्वरूपात उरलेल्या नाहीत. जे तुकडे शिल्लक आहेत, त्यांत एका मुद्रकाने जुळवलेले थर अजून दिसतात.