श्रीपाद कृष्ण कोल्हटकर : उपहास आणि गणित

अमेरिकन विज्ञानकथेत उपहासाची एक ठसठशीत परंपरा आहे. फ्रेडरिक पोल व सिरिल कॉर्नब्लुथ यांनी 1953 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केलेल्या कादंबरीत जाहिरातसंस्थाच जगाचा कारभार पाहतात आणि शुक्रासारख्या जाळून टाकणाऱ्या ग्रहावर वस्ती करण्यास लोकांना भुलवतात. रॉबर्ट शेक्ली, कर्ट व्हॉनेगट यांचाही मार्ग याच जातीचा आहे. प्रचलित व्यवहारातील एखादा नियम घ्यायचा, तो जसाच्या तसा मान्य करायचा आणि तर्काने शेवटापर्यंत नेऊन त्याचे हास्यास्पद रूप उघडे करायचे, ही या परंपरेची रीत होय. मराठीत विज्ञानकथा आली ती प्रथम ज्यूल व्हर्नच्या भाषांतरांतून, पुढे श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ ही आरंभीची स्वतंत्र विज्ञानकथा मानली गेली. परंतु या प्रवाहाचे उपहासाशी नाते फारसे जुळले नाही. वस्तुतः उपहासकार आणि शास्त्राभ्यासक हे दोघे मराठीत एकाच व्यक्तीत नांदत होते, तेही विज्ञानकथेच्या उदयकाळातच. ती व्यक्ती म्हणजे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. त्यांच्या चरित्राकडे या दृष्टीने पाहिले असता काही प्रश्न नव्याने उभे राहतात.

कोल्हटकरांचा जन्म 29 जून 1871 रोजी नागपूर येथे झाला. शालेय शिक्षण बुलढाणा व अकोला येथे आणि उच्च शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात झाले. कायद्याची पदवी घेतल्यावर त्यांनी अकोला, खामगाव व पुढे जळगाव जामोद येथे वकिली केली. पुण्या-मुंबईच्या वाङ्मयीन वर्तुळापासून दूर, वऱ्हाडातील तालुक्याच्या गावी राहून त्यांनी जवळजवळ सारे लेखन केले. मराठवाड्यातील वाचकाने येथे क्षणभर थांबावे. वऱ्हाड हा प्रांत 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता, पण नावाने तो निजामाचाच मुलूख राहिला. 1902 च्या करारानंतरही निजामाचे नाममात्र स्वामित्व कायम होते. म्हणजे खामगावचा वकील आणि बीडचा वकील हे कागदोपत्री एकाच अधिपतीच्या मुलखात वावरत होते. मात्र बीडच्या अदालतीचा व्यवहार उर्दूत चालत होता, तर वऱ्हाडातील सुशिक्षिताला मराठी मासिकांचा, मराठी शाळांचा आणि इंग्रजी कायद्याचा आधार होता. बीड, अंबाजोगाईच्या परिसराला मुकुंदराज व दासोपंतांचा वारसा असूनही त्या काळात तेथे कोल्हटकरांसारखा लेखक का घडला नाही, याचे उत्तर प्रतिभेच्या अभावात शोधण्यापेक्षा या परिस्थितीत शोधणे अधिक न्याय्य होईल.

कोल्हटकरांची पहिली ओळख समीक्षक म्हणून झाली. ‘विविधज्ञानविस्तार’ मासिकातील त्यांची परीक्षणे दीर्घ, काटेकोर आणि प्रसंगी निष्ठुर असत. साक्षीपुरावा उलटतपासणीने पारखावा तशी ते कलाकृती पारखीत. न. चिं. केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकावरील त्यांचे परीक्षण या पद्धतीचा परिचित नमुना होय. समीक्षेपाठोपाठ नाटक आले. 1896 साली किर्लोस्कर नाटक मंडळीने त्यांचे ‘वीरतनय’ रंगभूमीवर आणले. त्यात पारशी-उर्दू रंगभूमीच्या धर्तीवरील चाली घेऊन त्यांनी अण्णासाहेब किर्लोस्करांच्या वळणाच्या नाट्यपदांना फाटा दिला. त्या काळी हे धाडस होते आणि प्रेक्षकांनी ते उचलून धरले. ‘मूकनायक’, ‘गुप्तमंजूष’, ‘मतिविकार’, ‘प्रेमशोधन’, ‘वधूपरीक्षा’ ही पुढची नाटके. मद्यपान, विधवांचा प्रश्न, स्त्रीशिक्षण असे सुधारणेचे विषय त्यांत आहेत. परंतु ते वेषांतरे, गुपिते आणि कोट्या यांच्या दाट जाळ्यात अडकलेले आहेत. माझ्या मते ही नाटके आज अभ्यासापुरतीच उरली याचे कारण विषयांचे जुनेपण नव्हे. देवलांची ‘शारदा’ तितक्याच जुन्या विषयावर आहे, तरी ती टिकली. कोल्हटकरांची पात्रे मात्र बोलताना स्वतःच्या स्वभावापेक्षा लेखकाच्या बुद्धीला अधिक बांधलेली असतात.

हाच दोष विनोदी लेखात गुण ठरला. ‘साक्षीदार’ हा त्यांचा पहिला विनोदी लेख 1902 साली प्रसिद्ध झाला. 1910 साली अठरा लेखांचा संग्रह ‘अठरा धान्यांचे कडबोळे’ या नावाने निघाला आणि 1923 साली लेखांची संख्या बत्तीस होऊन ‘सुदाम्याचे पोहे अर्थात साहित्य बत्तिशी’ सिद्ध झाले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीच्या योजनेत कोल्हटकरांचे खरे कौशल्य दिसते. हे तिघे रूढीचे शत्रू नाहीत, तिचे निष्ठावंत अनुयायी आहेत. श्रावणी असो, शिमगा असो वा गणेशचतुर्थी असो, ते शास्त्राची आज्ञा अक्षरशः पाळू पाहतात आणि त्या पाळण्यातूनच आज्ञेतील विसंगती बाहेर पडते. सुधारकाने रूढीवर व्याख्यान दिले असते; कोल्हटकर रूढीलाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करतात. ‘चोरांचे संमेलन’ या लेखात तर सभा-परिषदांचा सारा शिष्टाचार चोरांच्या व्यवसायाला लावला आहे. नियम बदलायचा नाही, फक्त त्याची जागा बदलायची, ही ती युक्ती. अमेरिकन उपहासकाराने एखादी जाहिरातसंस्था शुक्रापर्यंत नेली, ती याच युक्तीने. फरक इतकाच की त्याला जागा बदलण्यासाठी दुसरा ग्रह लागला, आणि कोल्हटकरांना आपल्याच गावाचा चोर पुरला.

आता गणिताकडे वळू. कोल्हटकरांना ज्योतिर्गणिताचा गाढा व्यासंग होता आणि ‘भारतीय ज्योतिर्गणित’ हा त्यांचा ग्रंथ त्या व्यासंगाचे फळ होय. या विषयाला तेव्हा मोठे महत्त्व होते. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ 1896 साली प्रसिद्ध झाला होता, व्यंकटेश बापूजी केतकर नव्या वेधांच्या आधारे गणित मांडीत होते, आणि पंचांग जुन्या ग्रंथांवरून करावे की प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहावे, हा वाद लोकमान्य टिळकांपासून गावच्या जोशापर्यंत पोहोचला होता. ग्रहण पंचांगात दिलेल्या वेळी लागले नाही तर चूक ग्रहणाची की पंचांगाची, असा हा मुद्दा. आज्ञा आणि अनुभव यांची हीच गाठ ‘सुदाम्याच्या पोह्यां’तही आहे. एका ठिकाणी ती अंकांनी सोडवली आहे, दुसऱ्या ठिकाणी हास्याने. या दोन लेखनांना एका लेखकाच्या दोन असंबद्ध आवडी समजण्याचा प्रघात सोडून द्यावा असे मला वाटते.

मग त्यांनी विज्ञानकथा का लिहिली नाही? आकाशाचे ज्ञान होते, कल्पकता होती, तर्क शेवटास नेण्याची हौस तर होतीच. याचे एक कारण असे दिसते की त्यांच्या उपहासाची नजर भविष्याकडे नव्हतीच. त्यांचा प्रतिपक्ष भूतकाळ होता. ज्या समाजाला यंत्राचा अतिरेक अजून भोगावा लागला नव्हता, त्याला यंत्राचा उपहास कळलाही नसता. व्हॉनेगटच्या मागे ड्रेसडेनचा विध्वंस आहे. कोल्हटकरांच्या काळी शास्त्र ही आशेची वस्तू होती, थट्टेची नव्हे. ‘दुटप्पी की दुहेरी’ ही 1925 सालची त्यांची कादंबरीही त्या दिशेला जात नाही.

मराठी विनोदाचे जनक हे त्यांना लावले जाणारे बिरुद तपासून घेतले पाहिजे. एकनाथांची भारुडे बाजूला ठेवली तरी महात्मा फुले यांच्या लेखनातील उपरोध कोल्हटकरांच्या आधी तीन दशके छापून झाला होता, आणि त्याचा मार अधिक खोल होता. ‘सुदाम्याचे पोहे’ मुख्यतः ब्राह्मणी गृहस्थजीवनाच्या अंगणात फिरते. त्या अंगणाबाहेरचा माणूस तेथे क्वचितच बोलतो. ही मर्यादा आहे, आणि ती पदव्युत्तर वर्गात स्पष्ट सांगावी. मात्र लेखकाने ज्या घरात जन्म घेतला त्याच घराची झडती घेतली, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. स्वकीयांचा रोष पत्करूनच ती झडती घेता येत होती.

शिष्यपरंपरेबाबत त्यांचे भाग्य मोठे. राम गणेश गडकरी (1885–1919) त्यांना गुरू मानीत आणि त्यांचा ‘बाळकराम’ हा सुदाम्याचाच वंशज होय, यद्यपि गडकऱ्यांची कोटी गुरूपेक्षा अधिक उसळती आहे. वि. स. खांडेकरांनीही हे ऋण मान्य केले. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाला सुदाम्याचा मध्यमवर्गीय पुतण्या म्हणता येईल. फक्त त्याच्यात काकांची वकिली उरली नाही आणि तो त्यामुळे अधिक आपलासा झाला. महाराष्ट्रगीताचे कर्ते म्हणून कोल्हटकर शाळाशाळांतून पोहोचले, पण ते गीत गाणाऱ्या कित्येकांना ‘सुदाम्याचे पोहे’ ठाऊक नसते.

1927 साली पुणे येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ज्याने संमेलनांच्या रीतीभाती चोरांच्या तोंडी घातल्या, त्याच्याच गळ्यात संमेलनाध्यक्षाचा हार पडला, ही विसंगती सुदाम्याच्या नजरेतून सुटली नसती. 1 जून 1934 रोजी कोल्हटकरांचे निधन झाले. त्यांचे ‘आत्मवृत्त’ पुढील वर्षी, 1935 साली, ग्रंथरूपाने वाचकांच्या हाती आले.