आनंदीबाईंचा अर्ज

डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव ऐकलेलं नाही अशी बाई आपल्याकडे विरळाच. त्यांच्यावर कादंबरी आहे, नाटक झालं, २०१९ मध्ये चित्रपटही येऊन गेला. गोपाळरावांचा हट्ट, दहा दिवसांचं गेलेलं बाळ, बोटीवरचा तो एकटीचा प्रवास... हे सगळं आपण डोळ्यांत पाणी आणून पाहिलंय. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. ती म्हणजे, शिक्षणासाठी त्यांनी पैसे मागितले कसे!

मला ही गोष्ट जवळची वाटते, कारण आमच्या महिला मंडळातर्फे मी दरवर्षी मुलींचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला बसते. मुली हुशार असतात, मार्क चांगले असतात. पण 'मदत का हवी' या रकान्यापाशी आल्या की पेन थांबतं. आई शेजारून हळूच म्हणते, राहू दे गं, लोक काय म्हणतील? अशा वेळी मी त्यांना आनंदीबाईंची हकीकत सांगते.

१८६५ सालचा त्यांचा जन्म. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं ते वीसेक वर्षांनी मोठ्या, पोस्टात नोकरी करणाऱ्या बिजवर गोपाळरावांशी. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. बाईमाणसाला बाईच डॉक्टर हवी, ही गोष्ट त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसली. पण शिकायचं कुठे आणि पैसा आणायचा कुठून? पोस्टातल्या पगारात संसार भागायचा, अमेरिका नाही.

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून मदत मागितली. उत्तर आलं, पण त्याला एक अट जोडलेली होती. आधी ख्रिस्ती व्हा, मग बघू! दोघांनीही ते मानलं नाही. मदत हवी होती, पण त्यासाठी आपलं असणंच बदलायचं, हे त्यांना मंजूर नव्हतं. वाइल्डर यांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. त्याचा एक अंक अमेरिकेतल्या कार्पेंटरबाईंनी दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला आणि त्यांनी कसलीही अट न घालता या अनोळखी मुलीला आपलं घर देऊ केलं. आनंदीबाई पुढे त्यांना मावशीच म्हणू लागल्या. एका दारात नकार मिळाला म्हणून सगळी दारं बंद होत नाहीत, हे इथे दिसतं.

तरी प्रवासखर्च होताच. टीकाही खूप होत होती. गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. तिथे, श्रीरामपूरच्या कॉलेजच्या सभागृहात, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाई लोकांसमोर उभ्या राहिल्या. वय पुरतं अठराही नाही! मी अमेरिकेला का चालले आहे, इथे का शिकू शकत नाही, लोकांनी वाळीत टाकलं तर काय करणार, अशा एकेक प्रश्नाला त्यांनी इंग्रजीतून उत्तर दिलं. परत येईन ती हिंदू म्हणूनच, हेही सांगितलं. भाषणाची वार्ता पसरली, वर्गणी येऊ लागली. खुद्द व्हाइसरॉयनी दोनशे रुपये पाठवले. रडून नव्हे, तर कारणं सांगून ही मदत मिळाली होती.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कला उतरल्या. आता खरा प्रश्न होता तो कॉलेजच्या फीचा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, मावशींच्या घरी बसून त्यांनी जून संपायच्या आत पत्र लिहिलं. ते होतं फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजचे आल्फ्रेड जोन्स यांना.

मैत्रिणींनो, अर्ज कसा लिहावा हे या पत्रावरून शिकावं. आपलं शिक्षण किती, हे त्यांनी सरळ सांगितलं. कॉलेजच्या सगळ्या अटींत मी बसत नाही हेही लपवलं नाही, पण माझी गोष्ट वेगळी आहे, तेव्हा सवलत द्यावी असं सुचवलं. माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचंय, हा हेतू स्पष्ट मांडला. आणि शेवटी, मला स्वतःसाठी काही नको, पण या कामासाठी जे जे लागेल ते सगळं हवं, अशी मागणी केली. हे कॉलेज नाही तर जे कुठलं घेईल त्याच्या दाराशी मी हे मागेन, असंही जोडलं. यात नम्रता आहे, पण लाचारी कुठेही नाही. कॉलेजने त्यांना तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्ती दिली.

पण या पत्रातली एक गोष्ट मला दर वेळी टोचते. माझी तब्येत चांगली आहे, असं त्यांनी लिहिलंय. प्रत्यक्षात डोकेदुखी, ताप, अशक्तपणा हे कलकत्त्यापासूनच मागे लागलं होतं. आपण बायका अशाच ना? घरासाठी, मुलांसाठी, कामासाठी पदर खोचून मागू. स्वतःसाठी विचारलं की म्हणणार, मला काय झालंय, मी बरी आहे!

फिलाडेल्फियाची थंडी, परकं अन्न, त्यात शाकाहार आणि अंगावर साडी. डीन रॅचेल बोडलींनी माया लावली, अभ्यासात आनंदीबाई कमी पडल्या नाहीत, पण शरीर खंगत गेलं. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागासाठी नेमणूकही दिली. नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईला उतरल्या त्या क्षयाने पोखरलेल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. ज्या बायकांसाठी त्यांनी एवढं मागितलं, त्यांची सेवा करायला त्यांना दिवसच मिळाले नाहीत.

तेव्हा अर्ज भरताना मी मुलींना दोन गोष्टी सांगते. पहिली, मागायला लाजू नका. मिळालेली मदत अपुरी असेल तर आकडे मांडून पुन्हा लिहा. बापाचं काम सुटलं, घरात आजारपण आलं, पीक बुडालं, जे खरं असेल ते कागदपत्रं जोडून सांगा. अमेरिकेतल्या कॉलेजांतही मदत कमी पडली तर फेरविचारासाठी अर्ज करता येतो, मग आपण का गप्प बसायचं?

दुसरी गोष्ट, फक्त फीचा हिशेब करू नका. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला. त्याचा लाभ जरूर घ्या. पण खोलीभाडं, खाणावळ, जाणं-येणं, औषधपाणी हेही वहीत मांडा आणि त्यासाठी वसतिगृह, ट्रस्ट, समाजाची मंडळं, सगळीकडे विचारा. पोटाला चिमटा काढून मिळवलेली पदवी वापरायला अंगात ताकद तर उरली पाहिजे!

आपल्या गल्लीत अशी एखादी मुलगी अर्ज हातात घेऊन अडली असेल. तिच्याजवळ बसा, रकाना भरायला मदत करा. आणि तिने 'मी बरी आहे' म्हटलं, तरी एकदा तिच्या डब्यात काय आहे ते बघा.