एडिसनची बॅटरी आणि आमची जीप

थर्ड इयरच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण पुण्याहून दापोली-हर्णैच्या ट्रिपला निघालो. गाडी होती रूम पार्टनरच्या काकांची जुनी डिझेल जीप. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी एकच सांगितलं होतं, बॅटरी नीट दाखवून घ्या. मेकॅनिकलवाला म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी बॉनेट उघडलं, टर्मिनलवरची पांढरी-हिरवट पावडर फडक्याने झटकली, पाणी कमी दिसलं तिथे नळाचं पाणी ओतलं आणि सगळं ओके आहे म्हणून सांगून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी पहाटे हर्णैला किल्ली फिरवली तर नुसतं टक्-टक्! वाळूत जीपला धक्का मारून मारून आमचा घाम निघाला, पण गाडी ढिम्म. शेवटी एका टेम्पोवाल्याने वायर जोडून ती चालू करून दिली आणि आम्ही दापोलीचं गॅरेज गाठलं. मिस्त्रीकाकांनी हायड्रोमीटरने ग्रॅव्हिटी बघितली. पाच सेल ठीकठाक, सहावा मेलेला. बॅटरीचं वयच झालं होतं, पण पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये ते पुण्यातच कळलं असतं. नवी बॅटरी बसवेपर्यंत दुपार झाली. आमच्यातल्या एकाच्या बहिणीचा त्याच संध्याकाळी साताऱ्याला साखरपुडा होता. तो पोचला तेव्हा पाहुणे जेवून परतले होते. मी सगळ्यांना सांगितलं की मी चेक केली होती, बॅटरीच दगाबाज निघाली.

त्यानंतर सेमिनारसाठी बॅटरी हा विषय घेतला आणि थॉमस अल्वा एडिसन नव्याने भेटला. बल्ब आणि फोनोग्राफवाला एडिसन आपल्याला शाळेपासून माहीत असतो. जन्म 11 फेब्रुवारी 1847, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातलं मिलान गाव. शाळा जेमतेम काही महिने, बाकी शिक्षण आईकडे घरीच. पोरवयात पोर्ट ह्युरॉन ते डेट्रॉइटच्या रेल्वेत पेपर आणि खाऊ विकला. कानांनी फार कमी ऐकू यायचं. पुढे तारायंत्र चालवलं, 1876 मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा काढली, 1877 ला फोनोग्राफ, 1879 ला टिकाऊ बल्ब, 1882 ला न्यूयॉर्कमध्ये वीजकेंद्र. नावावर 1093 अमेरिकन पेटंट! हा माणूस हट्टीही होता. डीसी करंटचा हट्ट धरून त्याने एसीला विरोध केला आणि ती लढाई तो हरला.

पण मला भावला तो पन्नाशी ओलांडलेला एडिसन. 1900 च्या सुमारास अमेरिकेत पेट्रोल, वाफ आणि वीज अशा तिन्ही प्रकारच्या मोटारी धावत होत्या. विजेच्या गाडीत शिशाची बॅटरी असायची. ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने 1859 मध्ये शोधलेली. ती जड आणि वर ॲसिडची भानगड. एडिसनने ठरवलं, शिसंही नको आणि ॲसिडही नको. त्याने निकेल, लोखंड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घेतलं. हजारो प्रयोग झाले, कंपनी निघाली, कारखाना उभा राहिला, 1903 च्या सुमारास माल बाजारात आला. जाहिरातही दणक्यात झाली.

आणि बॅटऱ्या गळायला लागल्या! काहींची ताकद थोड्याच दिवसांत उतरू लागली. तोपर्यंत गाड्यांचे मालक त्या बॅटऱ्यांवर खूष होते, ऑर्डरी येत होत्या. डागडुजी करत धंदा रेटता आला असता. एडिसनने उत्पादन बंद केलं, खराब माल परत घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सुधारलेली बॅटरी यायला 1909 उजाडलं. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं या एका गोष्टीत गेली.

आता ती बॅटरी दणकट होती. पण काळ कुठे थांबतो? 1908 मध्ये हेन्री फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली. पेट्रोल गाडीचं एकच दुखणं उरलं होतं, हँडल मारून इंजिन चालू करणं. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा सेल्फ स्टार्टर आला आणि तेही दुखणं गेलं. स्टार्टरला क्षणभर प्रचंड करंट लागतो. तो शिशाची बॅटरी देते. एडिसनच्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त, थंडीत तर ती अगदीच मलूल. ज्या गाडीसाठी दहा वर्षं घालवली, ती गाडीच रस्त्यावरून कमी होत गेली. बॅटरी मात्र खाणीतले दिवे, रेल्वे, सिग्नल अशा ठिकाणी पुढे कित्येक वर्षं इमानाने चालली.

म्हातारपणी एडिसन, फोर्ड, टायरवाले फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज मोटारी काढून कॅम्पिंगला जात. 1924 पर्यंत हा सिलसिला चालला. रात्री जंगलातल्या तंबूंमध्ये बल्ब पेटायचे, ते साठवण बॅटरीवर. 18 ऑक्टोबर 1931 ला एडिसन गेला.

सेमिनारची तयारी करताना मी 1904 च्या आसपासच्या त्या पानावर अडकलो. जगप्रसिद्ध माणूस आपला माल खराब आहे हे कबूल करून परत घेतो, आणि मला साधं, मी चेक केली नव्हती, एवढं म्हणता आलं नाही. साताऱ्याच्या त्या मित्राने मला आजवर एका शब्दाने विचारलेलं नाही. आता आम्ही फायनल इयरला आहोत, तो दोन रूम सोडून राहतो. मित्रा, बॅटरी मी तपासलीच नव्हती. चूक माझी होती. अंक हातात पडण्याआधी हे तुला तोंडाने सांगणार आहे, म्हणजे लेखामागे लपल्यासारखं नको व्हायला.

ट्रिपला निघणाऱ्यांसाठी मिस्त्रीकाकांनी शिकवलेलं थोडक्यात सांगतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटर लावा, चांगली भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. झाकणं उघडत असतील तर प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी बघा. सगळीकडे साधारण 1.26 हवी, एखादाच सेल फार खाली असेल तर बॅटरी बदला. स्टार्टर मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जाता कामा नये. पाणी डिस्टिल्डच घाला, नळाचं नको. टर्मिनल खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने साफ करा आणि काढताना निगेटिव्ह आधी. जुनी बॅटरी दुकानदाराला परत द्या, शिसं पुन्हा वापरात येतं. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनीही हसू नये, त्यांच्या बहुतेक मोटारींतही एक छोटी 12 व्होल्टची बॅटरी असतेच!

आणि तपासलं नसेल तर तपासलं नाही म्हणून सांगा. त्याला मीटर लागत नाही.