बख्त बुलंद शाह : डोंगरावरून नदीकाठी

गेल्या उन्हाळ्यात जुम्म्याच्या नमाजनंतर मी काही मुलांना जुम्मा तलाव कोठे आहे, असे विचारले. एकालाही सांगता आले नाही. शुक्रवारी तलाव म्हणताच सर्वांचे चेहरे उजळले. गांधीसागर हे त्याच तलावाचे आजचे नाव. ज्या राजघराण्याने ते पाणी अडविले, त्या घराण्यातील बख्त बुलंद शाह यांची ओळख आपण करून घेऊ या.

बख्त बुलंद हे देवगडचे गोंड राजे. देवगड आज मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात येते. तेथील डोंगरी किल्ल्यात मोती टाका नावाचे पाण्याचे टाके आहे. गोंड राजवटींना पाण्याचे मोल ठाऊक होते. चांद्याकडे तर तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन देण्याची रीत होती. नागपूरची कल्पना कोणत्या मातीतून उगवली, हे यावरून ध्यानात यावे.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ते औरंगजेबाच्या दरबारी गेले, तेथे त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि देवगडच्या गादीवर त्यांचा हक्क मान्य झाला. बख्त बुलंद, म्हणजे थोर नशिबाचा, हे नाव बादशाहाने दिलेले. या स्वीकारात राज्याचा विचार किती आणि श्रद्धा किती, याचा निवाडा आपण करू नये. नियत अल्लाह जाणतो. मात्र नंतरचा भाग आपल्याकडचे वक्ते वगळतात, तो वगळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. बादशाह दक्षिणेत गुंतलेला पाहून बख्त बुलंद यांनी बंड केले आणि वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील मुलूख लुटला. संतापलेल्या बादशाहाने त्यांचे नाव बदलून निगूं बख्त, म्हणजे पालथ्या नशिबाचा, असे लिहिण्याचा हुकूम काढला.

धर्म बदलला तरी त्यांच्या घराण्याने आपल्या जमातीशी नाते तोडले नाही. गोंड कुळांशी सोयरीक चालूच राहिली आणि गोंड प्रजा त्यांना आपलाच राजा मानीत राहिली.

दिल्लीचे वैभव त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि आपला मुलूखही तसा भरभराटीला यावा, ही ओढ घेऊन ते परतले. दिल्लीला यमुना होती. येथे नाग नावाची लहानशी नदी आणि राजापूर बारसा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बारा वाड्या. त्या वाड्यांच्या जागी १७०२ च्या सुमारास त्यांनी नागपूर वसविले. दूरदूरचे शेतकरी आणि कारागीर येथे आणले. कामाचा माणूस निवडताना हिंदू की मुसलमान हे पाहिले नाही. शहराची खरी रचना ही होती, असे मला वाटते. दगडाचे काम पुढच्या पिढीने केले.

त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या चांद सुलतान यांनी राजधानी नागपुरास आणली, शहराला कोट घातला आणि ओढ्याला बांध घालून जुम्मा तलाव निर्माण केला. जमिनीच्या उताराने जे पाणी वाहून जात होते, ते वस्तीशेजारी थांबले. तहानलेल्याला पाणी देणे हा आपल्या दीनमध्ये केवढा मोठा सदका आहे, हे येथे वेगळे सांगावयास नको.

१७३९ मध्ये चांद सुलतान वारले. वारसाचा तंटा माजला, राणीने रघुजी भोसल्यांना मदतीस बोलाविले आणि काही वर्षांतच सत्ता भोसल्यांच्या हाती गेली. बुऱ्हाण शाह यांच्याकडे राजेपणाची पदवी आणि तनखा एवढेच उरले. कोट आज दिसत नाही. महाल भागातला जुम्मा दरवाजा मात्र उभा आहे. त्याला आता गांधी गेट म्हणतात.